सुईबाईंचा चौथा चरण

सुईबाई रक्त काढताना भांडायच्या. पेशंट खुर्चीत बसला, दंडाला रबरी पट्टी आवळली, मूठ मिटायला सांगितली, की त्या कुठला तरी विषय काढायच्या आणि इतक्या तावातावाने बोलायच्या, की समोरचा माणूस सुई विसरून आपली बाजू मांडायला लागायचा. "कंपनीत ऑफिसर आहात ना तुम्ही? मग बायको माहेरी गेली म्हणून दोन दिवस वडापाव खाल्ला, हे सांगताना लाज नाही वाटत? गॅस पेटवता येत नाही तुम्हाला?" तो बिचारा "अहो, तसं नाही, झालं काय" म्हणेपर्यंत कापसाचा बोळा त्याच्या कोपराच्या खाचेत बसलेला असायचा. "झालं. मूठ सोडा. भांडण अर्धं राहिलंय, रिपोर्ट न्यायला याल तेव्हा पुरं करू."

पुष्कळांना वाटायचं, ही त्यांची युक्ती आहे. मी सोळा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून नावं लिहून घेतली, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, रिपोर्ट टाइप केले. मी सांगते, युक्तीबिक्ती काही नव्हती. त्यांना खरोखर राग यायचा. सुई टोचणं हे त्या रागाच्या मध्ये उरकून घ्यायचं काम होतं.

अंबरनाथ पूर्वेला, चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मध्ये आमची लॅब होती. बाईंचं खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतं? 'सुईबाईंकडे' म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात सोडायचा. बाई डॉक्टर नव्हत्या. रिपोर्टवर सही करायला एक म्हातारे डॉक्टर दुपारी यायचे. बाकी सगळं, म्हणजे रक्त काढणं, ते तपासणं आणि रक्तवाल्याला धीर देणं, बाईंकडे. एमआयडीसीतले ऑफिसर यायचे, उल्हासनगरचे व्यापारी यायचे, बदलापूरच्या शिक्षिका यायच्या, चामटोलीहून भाजी घेऊन आलेल्या बायका टोपली दाराशी ठेवून आत यायच्या. आणि यातले निम्म्याहून जास्त लोक चाळीस ते पंचावन्न या वयातले. "या वयात माणूस दोनच ठिकाणी खरं बोलतो," बाई म्हणायच्या. "देवासमोर आणि माझ्यासमोर. देवासमोर थोडं कमी."

पाकिटावर ओवी लिहायचा प्रकार माझ्यासमोरच सुरू झाला. एक बँकेतले साहेब साखरेचा रिपोर्ट न्यायला आले होते. पाकीट हातात घेतलं आणि बाकावर बसून राहिले. उघडेनात. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बाईंनी जाऊन ते पाकीट त्यांच्या हातातून ओढलं, माझं पेन घेतलं आणि उभ्या उभ्या त्यावर लिहिलं:

गोडी गेली चहातून,
गोडी गेली शब्दांतून,
सापडली रक्तातून,
दोनशे दहा.

साहेबांचा चेहरा पडला. "दोनशे दहा? माझी?" "तुमची पाकिटात आहे. ही माझी आहे, गेल्या महिन्यातली," बाई म्हणाल्या. "मी जिवंत आहे ना? उघडा आता." साहेब आधी हसले, मग त्यांनी पाकीट उघडलं. त्या दिवसापासून लोक रिपोर्ट घेताना पाकीट उलटून बघायला लागले.

माझ्या मनात एक भाबडं चित्र होतं. मी एकदा म्हटलं, "बाई, तुमची आई जात्यावर गात असेल ना?" त्या भडकल्याच. "जातं? माझी आई गिरणीत दळण टाकायची. रांगेत उभं राहून पाय दुखायचे म्हणून पुढच्या बाईवर ओवी करायची, मागच्या बाईला ऐकवायची. सगळ्यांना ते जातंच पाहिजे! बाई घामाघूम झाल्याशिवाय तुम्हाला तिचं गाणं गोड लागत नाही का?"

ओवीचे नियम मात्र त्यांनी मला शिकवले. पहिले तीन चरण आठ-आठ अक्षरांचे, शेवट जुळणारे. चौथा आखूड, चार-पाच अक्षरांचा, आणि तो कशाशी जुळवायचा नाही. मी विचारलं, चौथा का जुळवायचा नाही? "अगं वैशाली, तीन चरण माणूस ऐट करतो. चौथ्यात दम संपतो. चाळिशीनंतर दुसरं काय होतं? म्हणून आपल्या वयाचं गाणं ओवीतच होतं. वीस वर्षांच्या पोरांनी करावं बाकीचं, लांब लांब, यमकं जुळवत." दुसरा नियम त्या जास्त कडकपणे पाळायच्या. ओवीत हसायचं ते स्वतःला. 'मी' लिहिलेला नसला तरी तो तिथे असायला हवा. "दुसऱ्याच्या म्हातारपणाला हसणं ही टिंगल झाली. ती करायला अक्षरं मोजावी लागत नाहीत."

उल्हासनगरचे एक कापडवाले सिंधी गृहस्थ दर तीन महिन्यांनी यायचे. परकराच्या कापडाचा त्यांचा धंदा. आम्ही त्यांना साईं म्हणायचो. मराठी त्यांना कळायचं, वाचताना अडायचं. पाकीट हातात घेऊन म्हणायचे, "दीदी, पढ़ के सुनाओ." बाई वाचायच्या, साईं बोटांवर अक्षरं मोजायचे, आणि चौथा चरण आला की मांडीवर थाप मारायचे. एकदा बाईंनी त्यांना ही ऐकवली:

फ्रिज उघडला खरा,
आठवेना हेतू जरा,
आला गार गार वारा,
बरं वाटलं.

साईंनी या वेळी थाप मारली नाही. "दीदी, मेरी वाइफ भी आजकल ऐसेच खड़ी रहती है. मैं चिल्लाता हूं, बिजली जाती है करके." पुढच्या खेपेला साईंनी येऊन सांगितलं, "अब मैं कुर्सी लाके देता हूं उसको. फ्रिज के सामने." बाईंनी आयुष्यात कुणाचं कौतुक केलं असेल तर ते त्या दिवशी साईंचं. 

याच साईंनी प्रेमापोटी पाकिटांचे फोटो काढून मोबाइलवर सगळ्यांना पाठवले. नाव कुठे नव्हतंच. बाई खाली नाव घालत नसत. ओव्या ग्रुपवरून ग्रुपवर गेल्या. मला राग आला. मी म्हटलं, बाई, निदान खाली नाव तरी घाला आता. "कशाला? माझ्या आईने रांगेतल्या बायकांना नाव सांगितलं होतं का?" त्या शांत होत्या. चोरीचा त्यांना राग नव्हता, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळ्यांनी तेच पसरवलं की बाईंना नाव हवं होतं.

सगळ्यात जास्त फिरली ती जिन्याची ओवी. बाई एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. इमारतीला लिफ्ट नव्हती. एक दिवस भाजीची पिशवी आणि औषधांचा खोका घेऊन चढताना तिसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली. कुणाच्या तरी दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर त्या बसल्या आणि तिथेच त्यांना ती सुचली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शिरतानाच मला म्हणून दाखवली:

पहिला माळा मानाने,
दुसरा हरिनामाने,
तिसरा मात्र रागाने,
चौथा राहिला.

मी हसले, आणि मग मला त्यांच्या पायाकडे बघवेना. घोटे सुजलेले होते.

आता त्या संध्याकाळबद्दल सांगते.

चिखलोलीला स्टेशन होणार म्हणून जे टॉवर उठले, त्यातल्या एका सोसायटीचा वर्धापनदिन होता. सोसायटीचे सेक्रेटरी आमचे पेशंट. त्यांनी आग्रहाने बोलावलं. हास्यकवींचा कार्यक्रम होता. बाई ठेवणीतली हिरवी साडी नेसल्या, मी बेलवलीच्या माझ्या घरून रिक्षाने गेले. क्लबहाउसमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, लहान मुलं पळत होती, मागे ढोकळ्याच्या प्लेट लागत होत्या. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. पहिल्या रांगेत कडेला एक वहिनी बसल्या होत्या, नवऱ्याशेजारी. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. अंगाने भरलेल्या, निळी साडी, गजरा. आठच दिवसांपूर्वी बाईंनी त्यांचं रक्त काढलं होतं. सहा महिन्यांत त्यांचं वजन का वाढलं, का त्या बसल्या जागी झोपतात, याचं कारण आमच्या पाकिटात होतं. काय होतं ते मी आजही सांगणार नाही, कारण बाईंनी ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

कवी महाशय आले. झगमगता कुर्ता, हातात माइक. नवऱ्या-बायकोचे विनोद सुरू झाले. बायको लाटण्याने मारते, बायको साड्या घेते, बायको माहेरी गेली की दिवाळी. लोक हसत होते. बाईंनी पर्समधून चष्म्याचा रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागल्या. पुसतच राहिल्या. मग कवी महाशय म्हणाले, "आता माझी एक लाडकी कविता. मध्यमवयावर!" आणि स्टेजवरून खाली उतरून पहिल्या रांगेपाशी आले. त्या वहिनींसमोर उभे राहिले. "वहिनी, रागवायचं नाही हं!"

पहिला मजला चढली बायको मानाने,
दुसरा मजला हरीच्या नामाने,
तिसरा मजला चढली रागाने,
चौथ्यावर लिफ्टच तुटली हो तिच्या वजनाने!

आणि शेवटच्या ओळीला हात वहिनींकडे.

हॉल कोसळला हसून. वहिनींचा नवराही हसला. त्याने टाळी दिली कवीला. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या, जसं हसावंच लागतं तसं. मोबाइल वर झाले होते, शूटिंग चाललं होतं. आणि माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"थांबा," बाई म्हणाल्या. माइक नव्हता, पण भांडणाची इतक्या वर्षांची सवय होती. आवाज पार ढोकळ्यापर्यंत गेला. "जिना चढतेय ना ती? मग लिफ्ट आली कुठून?"

लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. पुन्हा हशा झाला.

"हसू नका. मी विचारतेय. तीन मजले पायाने चढलेली बाई चौथ्याला लिफ्टमध्ये कशी गेली?"

कवी महाशय हसतच होते. "ताई, विनोद आहे. विनोदात लिफ्ट कुठूनही येते."

"ती ओवी माझी आहे. ते सोडा, ओवी कुणाचीही असते. पण तिच्यात दुसरी कुणी बाई नाही. धाप मला लागली होती. तुम्ही माझी धाप काढून तिथे यांचं वजन ठेवलंत. चौथा चरण मागे घ्या."

"ओवी वगैरे मला काही माहीत नाही, ताई. मोबाइलवर आलं, मी जरा फुलवलं. शेवटची ओळ पडत होती, तिला यमक दिलं. उलट आभार माना!"

"ती पडत नव्हती," बाई म्हणाल्या, "ती थांबत होती. थांबणं कळत नाही तुम्हाला?"

"मला एवढंच कळतं," कवी महाशय हॉलकडे वळून म्हणाले, "की ताईंची साखर वाढलेली दिसते!"

सगळ्यात मोठा हशा याला झाला. सेक्रेटरी धावत आले. "मॅडम, प्लीज. मोठ्या मनाने घ्या. कार्यक्रम खराब होतोय." बाई उभ्याच. "कार्यक्रम खराब झालाय म्हणूनच उभी आहे." सगळ्या माना आमच्याकडे वळलेल्या. मोबाइल आमच्याकडे वळलेले.

आणि मी त्यांचा पदर ओढला. "बाई, बसा ना," म्हटलं. "लोक बघतायत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या बसल्या. कवी महाशयांनी बघितलं असेल तर ते मला धन्यवाद देतील, कारण ती संध्याकाळ मी वाचवली. सोळा वर्षं ज्या बाईने मला पगार दिला, रक्त काढायला आणि मायक्रोस्कोपखाली बघायला शिकवलं, माझा घटस्फोट झाला तेव्हा 'कुणाची चूक' हा प्रश्न न विचारणारी जी एकटी होती, तिला मी चारशे माणसांसमोर खाली बसवलं. त्या कवीवर मी आजही चिडते, पण चिडताना मला स्वतःला वगळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी हातमोजे घालताना म्हणाल्या, "पदर का ओढलास?"

"लोक बघत होते, बाई."

"ते बघत होते म्हणूनच उभी राहिले ना मी? रिकाम्या हॉलमध्ये कोण उभं राहील?" मग म्हणाल्या, "जाऊ दे. नळ्यांवर चिठ्ठ्या लाव."

त्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक पाकिटावर जिन्याची ओवी लिहिली आणि खाली टीप: 'हीच खरी. चौथा चरण मोडलेला ऐकला असल्यास विसरावा.' लोक बाकावर बसून बोटांवर आठ मोजायचे. साईं तर सेक्रेटरींकडून पत्ता काढून त्या कवीला गाठायला निघाले होते. "दीदी, मैं बात करता हूं, मेरी गलती है, मैंने फैलाया." बाईंनी त्यांना बसवून ठेवलं. "तुम्ही फोटो काढलात, साईं. कुणाकडे बोट नाही दाखवलंत."

तोपर्यंत त्या संध्याकाळचा व्हिडिओ सगळीकडे गेला होता. कवीची ओळ, वहिनींचा चेहरा, बाईंचं उठणं, साखरेचा विनोद. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

महिन्याभराने वहिनी आल्या, पुन्हा रक्त द्यायला. डोक्यावरून ओढणी, चेहऱ्याला मास्क. खुर्चीत बसल्या. बाईंनी पट्टी बांधली आणि पहिल्यांदाच भांडायला विषय काढला नाही. म्हणाल्या, "बऱ्या आहात ना?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. अगदी हळू बोलत होत्या. "बाई, राग नका मानू. तो माणूस म्हणाला आणि गेला. लोक हसले, विसरले असते. तुम्ही उठलात, म्हणून तो व्हिडिओ फिरला. माझ्या मुलीच्या कॉलेजात पोचला. मी महिनाभर खाली कंपाउंडमध्ये उतरले नाहीये. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये शिरले, तर पोरं हसली."

बाईंनी सुई बाजूला ठेवली. पट्टी सोडली. बराच वेळ त्या वहिनींच्या दंडावर पट्टीचा जो वळ उठला होता, तो अंगठ्याने चोळत राहिल्या.

"तुम्हाला विचारायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या. "मी तुमच्यासाठी उठले असं मला वाटलं. थोडी माझ्या ओवीसाठीही उठले. चूक झाली."

वहिनींना हे अपेक्षित नसावं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तसं नाही," म्हणाल्या. "उठलं कुणीतरी, ते घरी गेल्यावर बरं वाटलं. यांच्याशी मी तीन दिवस बोलले नाही. पहिल्यांदा. पण नंतरचं फार झालं." मग जरा वेळाने म्हणाल्या, "ती खरी कशी आहे हो? मला आठवतच नाही. त्याचीच आठवते सारखी."

बाईंनी म्हटली. पाठ होती, तरी हळूहळू, एकेक चरण. चौथ्यानंतर त्या थांबल्या. वहिनी मास्कच्या आत हसायला लागल्या. मोठ्याने नाही, पण डोळे हसले. "अहो, माहेरच्या जिन्यात मी पण तिसऱ्यालाच चिडते," म्हणाल्या. "मला वाटायचं मीच एकटी."

त्यांचं रक्त काढून झाल्यावर बाईंनी मला सांगितलं, "त्या पाकिटांवरच्या टिपा बंद. उद्यापासून नाही." आणि दिवसभर त्यांनी कुणाशी भांडण काढलं नाही. पेशंट घाबरले. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "माझा रिपोर्ट एवढा वाईट आहे का?"

त्यानंतर बाईंचा राग कमी झाला असं नाही. पण रागवायच्या आधी त्या एक प्रश्न विचारायला लागल्या: "मी बोलू का तुमच्या वतीने?" समोरची बाई 'नको' म्हणाली तर मुकाट आपला डबा उघडून बसायच्या, नुसत्या लाल होऊन. वहिनी पुढे दर तीन महिन्यांनी येत राहिल्या. औषधाने त्यांना बरं वाटू लागलं होतं. कवी महाशयांनी कुणाची माफी मागितली नाही. ते अजून कार्यक्रम करतात, अजून त्याच ओळीवर टाळी घेतात. सोसायटीने त्यांना पुढच्या वर्षीही बोलावलं.

मग दोन वर्षांत लॅब गेली. आमचे सही करणारे डॉक्टर थकले. शेजारच्या चौकात मोठ्या कंपनीचं कलेक्शन सेंटर उघडलं, घरी येऊन रक्त नेतात, रिपोर्ट मोबाइलवर. बाईंनी मायक्रोस्कोप एका कॉलेजला दिला आणि त्या वांगणीकडे बहिणीच्या घरी गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा पडवीत बसून एक फॉर्म हातात घेऊन चिडल्या होत्या. हॉस्पिटलचा फॉर्म होता. "बघ! पतीचं नाव. नसेल तर वडिलांचं. मी एकोणसाठ वर्षांची आहे! माझं हृदय तपासायला यांना माझे वडील कशाला लागतात?" त्यांनी त्या रकान्यात आपलंच नाव पुन्हा लिहिलं होतं. माझ्याकडून त्यांनी बेलवलीच्या सगळ्या बातम्या ऐकल्या, जाताना भाताची पिशवी दिली. पाय फारच सुजले होते. तिसऱ्या आठवड्यात बहिणीचा फोन आला.

शोकसभा अंबरनाथला झाली. बरेच लोक आले, सगळे ज्यांचं रक्त बाईंच्या हाताखालून गेलं होतं ते. एकेक जण बोलला. "फार रागीट होत्या, पण मनाने चांगल्या." "तोंड फटकळ होतं, पण..." "चिडायच्या, पण..." पाच जणांनी हेच वाक्य म्हटलं. साईं तेवढे वेगळे. ते उभे राहिले, रडले आणि बसले. शेवटी मला बोलायला सांगितलं. मी उठले आणि म्हटलं, "'पण' कशाला लागतो मध्ये? त्या रागीट होत्या आणि चांगल्या होत्या. पुरुष रागावला तर बाणेदार म्हणता, तेव्हा 'पण' कुठे जातो?" थोडी कुजबुज झाली. एक जण म्हणाले, "बाईंचीच शिष्या." कौतुकाने म्हणाले की कसे, मला कळलं नाही. मी कौतुक समजून घेतलं.

आता मी बदलापूरला त्याच मोठ्या कंपनीच्या सेंटरवर काम करते. पाकिटं नाहीत, सगळं मोबाइलवर. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ बायकोला घेऊन फुल बॉडी चेकअपला आले. वजनकाट्यापाशी ते मला म्हणाले, "मॅडम, काटा मजबूत आहे ना? नाहीतर बिल आमच्यावर लावाल." आजूबाजूचे चार जण हसले. बायको खाली बघत चप्पल काढत होती. मी वाकून तिला हळूच विचारलं, "ताई, मी बोलू का?" तिने वर बघितलं. जरा विचार केला. मग म्हणाली, "बोला."

मी त्या गृहस्थांना म्हटलं, "आधी तुम्ही चढा." ते म्हणाले, माझं नाही करायचं. मी म्हटलं, "करायचं आहे. विनोद तुम्ही सुरू केलात. चढा, आकडा मी मोठ्याने वाचते, मग बघू कोण हसतंय." ते चढले नाहीत. तक्रार मात्र केली.

आमचा मॅनेजर सव्वीस वर्षांचा आहे, वाईट मुलगा नाही. त्याने माफीचं पत्र टाइप करून माझ्या टेबलावर ठेवलं. "मॅडम, कस्टमर आहे यार. एक सही करा, बात खतम. क्या फरक पड़ता है?"

"फरक पडतो," मी म्हटलं.

पत्र चार दिवस टेबलावर आहे. तो रोज येतो, बघतो आणि जातो. मी रोज ते बाजूला सरकवते आणि पुढच्या पेशंटला मूठ मिटायला सांगते. सही केलेली नाही. करणारही नाही.